मृगजळ : पाणी खोटे, प्रकाश खरा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भाचीला घेऊन मी वैशाली नगरहून नागपूरला निघालो होतो. राजनांदगाव मागे पडले, बागनदीची हद्द ओलांडून गाडी देवरीच्या दिशेने लागली, तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. समोरचा डांबरी रस्ता सरळ होता आणि त्याच्या टोकाशी पाणी साचलेले दिसत होते. त्या पाण्यात पुढच्या ट्रकचे उलटे प्रतिबिंबही हलत होते.

"मामा, तिथे पाऊस पडून गेलाय का?"

"नाही ग. ते मृगजळ आहे. तिथे पाणीबिणी काही नाही, नुसता भास आहे."

तिने माझा फोन उचलला, काचेतून एक छायाचित्र घेतले आणि माझ्यासमोर धरले. "हे बघ, फोटोत आलंय. फोनला कुठे भास होतो?"

भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला दहा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात निरुत्तर केले. तिचा आक्षेप बिनतोड होता. कॅमेऱ्याला तहान लागत नाही, त्याला आशा नसते, उन्हाने त्याचे डोके फिरत नाही. जे छायाचित्रात उमटते ते प्रकाशाच्या रूपाने तिथवर पोहोचलेलेच असते. मग मी तिला दिलेल्या उत्तरात चुकले ते काय? प्रवास संपेपर्यंत मी याचा विचार करत होतो आणि नंतरचे काही आठवडे या एका शब्दाच्या मागे लागलो. हाती आले ते असे, की मृगजळाला नाव देताना प्रत्येक भाषेने एका प्रश्नाचे उत्तर दिले आहे: इथे चूक कोणाची? कोणी ती हरणावर टाकली, कोणी परीवर, कोणी शिंपल्यावर. एका जुन्या भारतीय तार्किकाने मात्र ती नेमकी जिथे आहे तिथे ठेवली होती आणि माझे उत्तर त्याच्या उत्तरापेक्षा कच्चे होते.

आधी घरच्या शब्दांकडे पाहू. संस्कृतात या दृश्याला दोन मुख्य नावे आहेत: मृगतृष्णा आणि मरीचिका. अमरकोशाने ही दोन्ही नावे शेजारीशेजारी, सूर्याच्या किरणांची आणि प्रखर उन्हाची नावे सांगून होताच दिली आहेत. पण पर्यायी म्हणून सांगितलेले हे शब्द दोन वेगळ्या दिशांना पाहतात. 'मरीचि' म्हणजे किरण, म्हणून मरीचिका हे प्रकाशाचे नाव झाले. 'तृष्णा' म्हणजे तहान, म्हणून मृगतृष्णा हे पाहणाऱ्याच्या अवस्थेचे नाव झाले. एका शब्दात बाहेर काय घडते ते आहे, दुसऱ्यात आत काय घडते ते. हिंदीने दोन्ही ठेवले आणि पुढे त्यांची सांगड घालून 'मृगमरीचिका' असा जोडशब्दही रूढ केला. भिलाईच्या शाळेत मी हाच शब्द शिकलो. बंगालीने 'मरीचिका' जवळ केला. मराठीने मात्र तिसरा मार्ग धरला. आपल्या 'मृगजळ' या शब्दात ना किरण आहे ना तहान. आहे ते थेट पाणी, तेही हरणाच्या मालकीचे. म्हणजे जे मुळात नाही, नेमके त्याचेच नाव आपण दृश्याला देऊन टाकले.

मराठीत या शब्दाचे मूळ खोल आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत मृगजळाचा दृष्टांत पुन्हा पुन्हा येतो. जुन्या मराठीत मृगजळासाठी 'रोहिणी' हा शब्दही आढळतो. पंचांग पाहणाऱ्या वाचकाला इथे क्षणभर थांबावेसे वाटेल. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तो २५ मेच्या सुमारास आणि तिथून पुढचे नऊ दिवस विदर्भात 'नवतपा' व छत्तीसगडात 'नौतपा' म्हणून ओळखले जातात. रस्त्यावर सर्वांत लखलखीत मृगजळ दिसण्याचे हेच दिवस. रोहिणीनंतर, ७ किंवा ८ जूनला, मृग नक्षत्र लागते आणि शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. त्यामुळे मराठीत 'मृग' या एका शब्दाशी दोन पाणी जोडली गेली आहेत. मृगाचा पाऊस हे पेरणीचे पाणी, वर्षभराच्या भाकरीचे. मृगजळ हे कधीच ओंजळीत न येणारे पाणी. अर्थात मृगजळातला मृग हा नक्षत्र नसून पशू आहे, हे 'मृगतृष्णा'वरून स्पष्टच आहे. तोही नेहमीच हरीण होता असे नाही. वैदिक भाषेत 'मृग' म्हणजे कोणताही वन्य पशू; हरणापुरता अर्थ पुढे आकसत गेला.

संतांनी आणि वेदान्ताने या शब्दाला जो अर्थ दिला तोच आज आपल्या बोलण्यात उरला आहे. प्रपंच मृगजळासारखा, म्हणजे दिसतो पण नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही मृगजळाचा दृष्टांत आहे आणि तिथे त्यांनी त्या खोट्या पाण्याला 'ऊषर' भूमीपासून वेगळे अस्तित्व नाही असे म्हटले आहे. ऊषर म्हणजे खारवट, उजाड, सपाट जमीन. दृष्टांत तत्त्वज्ञानाचा असला तरी जागा अचूक निवडलेली आहे. गवताने झाकलेल्या ओल्या रानात मृगजळ सहसा दिसत नाही; त्यासाठी उघडी, सपाट, तापलेली जमीन लागते. पण या परंपरेचा भर जगाच्या मिथ्यात्वावर होता, त्यामुळे रोजच्या मराठीत 'मृगजळ' या शब्दाचा अर्थ 'नसलेली गोष्ट' एवढाच राहिला. मी भाचीला दिलेले उत्तर याच अर्थाचे होते.

दुसरे उत्तर न्यायदर्शनात आहे. प्रत्यक्ष ज्ञान कशाला म्हणावे, हे सांगताना न्यायसूत्रांनी एक अट घातली की ते 'अव्यभिचारी' असावे, म्हणजे वस्तू जशी आहे तशीच ज्ञानात यावी. या अटीचे कारण सांगताना भाष्यकार वात्स्यायनाने उदाहरण घेतले ते मृगजळाचे. काळ साधारण इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: उन्हाळ्यात किरण जमिनीच्या उष्णतेशी मिसळतात, थरथरतात आणि दूर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याशी त्यांचा संबंध येतो, त्यातून त्याला 'हे पाणी' असे ज्ञान होते. यातले घटक मोजून पाहावेत. ऋतू, किरण, जमिनीची उष्णता, थरथर आणि पाहणाऱ्याचे अंतर. मृगजळाचे वर्णन करायला आजही मी या पाचांपासूनच सुरुवात करीन. त्यानंतर, साधारण सहाव्या शतकात, उद्द्योतकराने वार्तिकात हा मुद्दा आणखी धारदार केला. किरण तिथे आहेतच आणि ते थरथरतही आहेत, त्यामुळे वस्तू चुकलेली नाही. चुकले आहे ते ज्ञान. डोळ्याने आणलेला माल खरा होता, त्यावर 'पाणी' ही चिठ्ठी चिकटवताना गफलत झाली.

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे, कारण अशा उताऱ्यांवरून 'आपल्याकडे सगळे आधीच ठाऊक होते' असे निष्कर्ष काढण्याची चाल सध्या जोरात आहे. वात्स्यायनाला अपवर्तनाचा नियम माहीत नव्हता. न्यायमतानुसार डोळ्यातूनच तेज बाहेर पडते आणि वस्तूला जाऊन भिडते, जे आजच्या प्रकाशशास्त्राच्या नेमके उलट आहे. अपवर्तनाचा नियम इब्न सहल याच्या दहाव्या शतकातल्या बगदादच्या ग्रंथात दिसतो आणि युरोपात तो १६२१ मध्ये स्नेलने शोधला. वात्स्यायनाचे श्रेय वेगळे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे. त्याने निरीक्षण स्वच्छ केले आणि चूक इंद्रियात नसून निष्कर्षात आहे, हे ओळखले. बौद्ध परंपरेतही याला समांतर विचार आहे. संयुत्तनिकायातील एका प्रसिद्ध सुत्तात पाच स्कंधांना पाच उपमा दिल्या आहेत: रूप फेसासारखे, वेदना बुडबुड्यासारखी, संस्कार केळीच्या गाभ्यासारखे, विज्ञान जादूसारखे, आणि 'संज्ञा' मरीचिकेसारखी. संज्ञा म्हणजे ओळखणे, नाव देणे. मृगजळाची उपमा नेमकी ओळखण्याच्या क्रियेला दिली गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता शेजाऱ्यांकडे जाऊ. दक्षिणेच्या भाषांत हरीण फारसे भेटत नाही, ऊन भेटते. कन्नडमध्ये मृगजळाला 'बिसिल्गुदुरे' म्हणतात, शब्दशः 'उन्हाचा घोडा'. तेलुगूतल्या 'एंडमावि'ची सुरुवातच 'एंड', म्हणजे ऊन, या शब्दाने होते. तमिळमधले 'कानल् नीर' म्हणजे उन्हाच्या झळांचे पाणी. गुजरातीत 'मृगजळ' आहेच, पण त्याहून गोड असा 'झांझवां' हा शब्दही आहे. पश्चिमेकडे आणखी पुढे गेले की अरबी 'सराब' भेटतो, जो फारसी-उर्दूतून आपल्याकडेही आला. कुराणाच्या चोविसाव्या सूरेत सपाट मैदानावरच्या सराबाची उपमा आहे, ज्याला तहानलेला माणूस पाणी समजतो. याच शब्दाचा हिब्रू भाऊ 'शाराव' आज इस्राएलमध्ये उष्णतेच्या लाटेसाठी वापरला जातो. एकाच मुळातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एकाने फसवे पाणी उचलले आणि दुसऱ्याने ते दाखवणारी उष्णता. आपल्या मृगजळ आणि मरीचिका यांच्यासारखीच ही वाटणी आहे.

युरोपात आणि त्यामार्गे जगभर पसरलेला शब्द म्हणजे 'मिराज'. तो 'मरीचि'वरून निघाला असावा असे अनेकांना वाटते, पण हे ध्वनिसाम्यच मोठे मृगजळ आहे. त्या दोघांत नाते नाही, आणि सांगलीजवळच्या मिरजेशी तर मुळीच नाही. 'मिराज' आला फ्रेंच 'मिरे' या क्रियापदावरून, म्हणजे पाहणे, आरशात उमटणे. त्याच्या मागे लॅटिनमधले 'आश्चर्य वाटणे' आहे. 'मिरर' आणि 'मिरॅकल' ही त्याच घरातली भावंडे. भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन शब्दाचे मूळ आपल्या 'स्मित' आणि 'विस्मय' यांच्या धातूशी जोडतात. म्हणजे जिथे नाते वाटत होते तिथे ते नाही आणि जिथे कल्पनाही केली नव्हती तिथे ते आहे.

हा शब्द मुळात फ्रेंच खलाशांचा. विज्ञानात त्याला आणले गणितज्ञ गास्पार मोंज यांनी. १७९८ च्या जुलैमध्ये नेपोलियनचे सैन्य अलेक्झांड्रियाहून कैरोकडे वाळवंटातून निघाले होते. तहानेने व्याकूळ सैनिकांना समोर तळी दिसत, त्यात दूरची गावे बेटांसारखी उभी दिसत आणि प्रत्येक गावाखाली त्याचे उलटे प्रतिबिंब. जवळ जावे तो तळे मागे सरकलेले. मोहिमेबरोबर असलेल्या मोंज यांनी याचे कारण शोधले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कैरोत स्थापन झालेल्या विद्वत्संस्थेपुढे निबंध मांडला. तापलेल्या वाळूलगतची हवा विरळ होते, तिरक्या कोनात येणारा प्रकाश त्या थरातून खाली न जाता वर परततो, आणि पाण्यासारखे जे चमकते ते खरे म्हणजे आकाश असते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

दोन वर्षांनी, १८०० मध्ये, इंग्लंडच्या विल्यम वोलास्टन यांनी हे घरात करून दाखवले. लालभडक तापवलेल्या लोखंडी सळईच्या कडेने नजर नेऊन त्यांनी दूरची वस्तू पाहिली, तर तिची दुसरी, उलटी प्रतिमा दिसली. साखरेचा पाक आणि पाणी यांचे थर काचेच्या भांड्यात एकमेकांवर ठेवूनही त्यांनी तोच परिणाम मिळवला. भिलाईत वाढलेल्या माणसाला या सळईचे अप्रूप अंमळ जास्तच. पोलाद कारखान्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येक घरात तापलेल्या लोखंडावरच्या हवेची ती लवलव कोणी ना कोणी रोज पाहत आलेले आहे.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. डोळ्याच्या उंचीवर हवा ४२ अंश आणि रस्त्याला लागून असलेला थर ६२ अंश आहे असे धरू. दोन्ही थरांच्या अपवर्तनांकांतला फरक एक लाखात जेमतेम दीड भाग भरतो. एवढ्याशा फरकाने प्रकाश वर वळवता येतो, पण तो रस्त्याशी सुमारे एक तृतीयांश अंश किंवा त्याहून कमी कोन करत येत असेल तरच. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्धा अंश रुंद दिसतो, यावरून हा कोन किती लहान आहे याची कल्पना यावी. डोळा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असेल, तर पाणी सुरू होते सुमारे २७० मीटरवर. तुम्ही दहा पावले पुढे गेलात तरी कोन तोच राहतो, म्हणून पाणीही दहा पावले पुढे जाते. जपानी भाषेत रस्त्यावरच्या मृगजळाला 'निगेमिझु', म्हणजे 'पळणारे पाणी' म्हणतात. या वागण्याचे याहून अचूक नाव मला दुसऱ्या भाषेत सापडले नाही. आणि काळविटाचा डोळा एक मीटर उंचीवर धरला, तर त्याच्यासाठी तेच पाणी १८० मीटरवर येते. हरणाला मृगजळ माणसापेक्षा जवळ दिसते. बिचाऱ्यावर आळ का आला असेल, याचे निदान एक भौतिक कारण तरी मिळाले.

प्रकाश वर का वळतो, हे समजायला लेझीमची रांग आठवावी. खांद्याला खांदा लावून चाललेल्या रांगेचे एक टोक भराभर आणि दुसरे हळू चालू लागले, तर रांग हळू टोकाकडे वळते. प्रकाशाच्या तरंगाचेही तसेच. खालचे टोक तापलेल्या विरळ हवेत किंचित वेगाने जाते, वरचे थंड हवेत मागे राहते आणि सबंध रांग वरच्या बाजूला वळते. समुद्रावर कधी कधी याच्या उलट घडते. खाली थंड हवा, वर उबदार. प्रकाश खाली वाकतो आणि क्षितिजापलीकडची दृश्ये उचलली जाऊन, ताणली जाऊन दिसतात. सिसिली आणि इटली यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत असे महाल दिसत, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना 'फाता मोर्गाना' म्हटले. ही मोर्गाना म्हणजे राजा आर्थरच्या कथांतली मायावी स्त्री. त्या कथा नॉर्मन लोकांबरोबर सिसिलीत पोहोचल्या होत्या. चिनी लोकांनी त्याच दृश्याचे श्रेय एका प्रचंड शिंपल्याला दिले. त्याच्या श्वासाच्या वाफेतून समुद्रावर बाजार आणि मनोरे उभे राहतात, अशी कल्पना 'हायशी शन्लोउ' या शब्दात आहे.

नावांचा हा खेळ इथवर मौजेचा वाटतो. पण शब्द कोणाचा ऐकायचा, याची किंमत कधी कधी मोठी असते. अमेरिकी दर्यावर्दी रॉबर्ट पेरी यांनी उत्तर ध्रुवाकडच्या आपल्या १९०६ च्या मोहिमेत दूरवर एक भूभाग दिसल्याचे लिहिले आणि आपल्या एका धनिक पाठीराख्याच्या नावावरून त्याला 'क्रॉकर लँड' नाव दिले. तो शोधायला डोनाल्ड मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखाली १९१३ मध्ये मोहीम निघाली. एप्रिल १९१४ मध्ये गोठलेल्या समुद्रावर त्यांना टेकड्या, दऱ्या, बर्फाच्छादित शिखरे स्पष्ट दिसली. सोबतच्या पिउगात्तोक नावाच्या इनुइट वाटाड्याला मॅकमिलननी विचारले, तेव्हा त्याने एका शब्दात सांगितले, 'पुजोक', म्हणजे धुके. ते जन्मभर त्या बर्फावर वावरलेल्या माणसाचे मत होते. तरीही तुकडी ठिसूळ होत चाललेल्या बर्फावरून अनेक दिवस पुढे जात राहिली. सूर्य फिरला तशी शिखरे बदलली आणि अखेर विरून गेली. परतीच्या वाटेवर, १ मे रोजी, मोहिमेतल्या फिट्झह्यू ग्रीन या नौदल अधिकाऱ्याने पिउगात्तोकला गोळी घालून ठार केले. त्या हत्येबद्दल ग्रीनवर कधी खटला चालला नाही. हत्येचे कारण मृगजळ नव्हते. पण त्या मोहिमेत समोरच्या दृश्याचे खरे नाव ज्याने उच्चारले, त्याच्या शब्दाला आणि त्याच्या जिवाला सारखेच कमी मोल मिळाले, हे मला विसरता येत नाही.

विज्ञानवार्ता वाचणाऱ्यांना आपल्या देशातला एक प्रसंग ठाऊक असायला हवा. १९५९ मध्ये, ज्या वर्षी भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, त्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे भाचे शिवरामकृष्णन पंचरत्नम् यांनी मृगजळाच्या प्रकाशशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. रामन यांचा आक्षेप असा होता: थराथरांतून जाणारा किरण वाकत वाकत जमिनीला समांतर झाला, की त्याला पुढे वर वळवणारे काय आहे? तो समांतरच जात राहिला पाहिजे. म्हणून मृगजळ किरणांच्या भूमितीने समजावता येत नाही, त्यासाठी तरंगांचा सिद्धांतच हवा, असे त्यांनी म्हटले. २०१३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी या प्रश्नाचा पुन्हा धांडोळा घेतला आणि आक्षेप टिकत नसल्याचे दाखवले. हवा सुट्या थरांची नसून तिचे गुणधर्म सलग बदलतात, त्यामुळे किरण समांतर होतो त्या क्षणीही तो वळतच असतो. लेझीमच्या रांगेचा दाखला मी दिला तो याचसाठी. नोबेलविजेत्या रामन यांचेही निरीक्षण उत्तम होते. घसरला तो एक निष्कर्ष. त्यात त्यांचे काही उणे होत नाही. उलट मृगजळ किती सूक्ष्म परीक्षक आहे ते कळते.

आमच्या क्षेत्रात अशी परीक्षा वारंवार होते. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या 'बायसेप-२' या दुर्बिणीच्या चमूने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. जगभर आनंदाची लाट उसळली. २०१५ च्या आरंभी 'प्लँक' उपग्रहाच्या माहितीसह केलेल्या एकत्रित विश्लेषणात दिसले, की त्या खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीतून आलेला होता. दुर्बिणीने पकडलेला प्रकाश खरा होता, त्याचे ध्रुवीकरण खरे होते. 'हे विश्वाच्या जन्माचे पाणी' ही चिठ्ठी चुकीची होती. लगेच समाजमाध्यमांवर 'शास्त्रज्ञ खोटे बोलले' असा गलका झाला. खोटे कोणी बोलले नव्हते. खुणेचे नाव चुकले होते आणि ते तपासून दुरुस्त करणारेही शास्त्रज्ञच होते. बायसेपचा चमूही त्यात होता.

म्हणून मृगजळाला 'भास' म्हणणे मी आता सोडले आहे. भास म्हटले की दोष डोळ्याला लागतो, आणि ज्याचा डोळा दोषी ठरतो त्याचे पुढचे काहीच कोणी ऐकून घेत नाही. वात्स्यायनाची वाटणी अधिक न्याय्य आहे. जे दिसले ते आधी मान्य करावे. ते काय आहे, याचा निर्णय स्वतंत्रपणे तपासावा. मराठीने 'मृगजळ' हा सुंदर शब्द दिला आहे आणि तो बदलावा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण शाळेत तो शिकवताना शेजारी 'मरीचिका' हाही शब्द फळ्यावर लिहावा. एकात चूक नोंदली आहे, दुसऱ्यात तिचे कारण.

नागपूरहून परतताना त्याच रस्त्यावर तेच पाणी पुन्हा दिसले. या वेळी मी भाचीला म्हणालो, "तुझा फोटो खरा होता. मी सांगितलेलं चूक होतं. तिथे काहीतरी आहे, फक्त ते पाणी नाही."

"मग काय आहे?"

"आकाश. वरचं आकाश रस्त्यावर दिसतंय."

ती बराच वेळ समोर पाहत राहिली. मग म्हणाली, "हां, म्हणूनच ते निळं आहे."

माझ्या दोन पानांच्या स्पष्टीकरणाची गरज तिला उरली नव्हती.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, गावात, बोलीत या दृश्याला काय म्हणतात? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, हलबी, छत्तीसगढी, तंजावरची मराठी, कोणताही शब्द चालेल. तो कोणी, कुठे वापरताना ऐकला, एवढे सोबत लिहावे. ज्या भाषेत हरीण नाही, ऊन नाही, पाणीही नाही, असा एखादा शब्द निघाला तर मला विशेष आनंद होईल.

वैशाली नगर, भिलाई